नक्षी पाहिलीत, आता टायरवरचे चार आकडेही वाचा : परिवहन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन अधिकारी, आमचा जिल्हा,
आणि जिल्ह्यातील टायर विक्रेते बंधू यांस,

महोदय,

येत्या 1 मे रोजी, महाराष्ट्र दिनानिमित्त, आपल्या कार्यालयाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली जिल्ह्यातील जुन्या मोटारींची फेरी निघणार आहे. आमच्या तालुक्याच्या बसस्थानकापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत 58 किलोमीटर अंतर आहे आणि सुरुवात सकाळी साडेदहाला आहे. भाग घेणाऱ्यांसाठी काढलेल्या पत्रकात अकरा अटी आहेत. आरसी, विमा, पीयूसी, दिवे, हॉर्न, ब्रेक, चालकाचा परवाना, आग विझवण्याचे नळकांडे, सगळे काही त्यात आहे. टायरबद्दल मात्र एकच ओळ आहे, की नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. टायर किती जुना चालेल याचीही अट घालावी, असा अर्ज मी मार्च महिन्यात केला होता. त्याला आलेले उत्तर दोन ओळींचे आहे : नियमात टायरच्या वयाची तरतूद नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

हे उत्तर नियमाला धरून आहे, हे मी मान्य करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 94 मी वाचला आहे आणि त्यात वर्षांचा आकडा कुठेही नाही. पण ज्या मोटारींसाठी ही फेरी आहे त्यांच्या बाबतीत नक्षीची खोली हे माप जवळजवळ निरुपयोगी आहे. जी गाडी वर्षातून दोनशे किलोमीटर चालते तिच्या टायरची नक्षी झिजणार कधी? ती वीस वर्षांनीही पाच-सहा मिलिमीटर भरेल, आपले मापक खुशाल उत्तीर्णचा शेरा देईल, आणि आतले रबर कधीच संपलेले असेल. हे मी पुस्तकातून नव्हे, घरच्या नुकसानीतून शिकलो आहे, आणि अर्ज दप्तरी दाखल झाला म्हणून ते लोकांसमोर मांडत आहे.

माझ्याकडे 1969 ची पेट्रोल जीप आहे. वडिलांनी ती 1976 मध्ये एका ठेकेदाराकडून घेतली. कापसाच्या हंगामात तिने वावरातून जिनिंगपर्यंत काय काय वाहिले ते सांगत बसलो तर पत्र भरकटेल. आता ती गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये असते आणि पोळा, दिवाळी, घरचे लग्न अशा निमित्तांनी बाहेर निघते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी निघालो असताना मागचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी चढवली. स्टेपनी कधीच वापरली नव्हती, तिची नक्षी अगदी कोरी, कडेला साच्यातून निघतात ती रबराची बारीक मिशीसुद्धा शाबूत. अकरा किलोमीटर गेलो असू. रपट्याच्या अलीकडच्या उतारावर आधी स्टिअरिंगला थरथर आली, मग मागच्या मडगार्डवर कोणी काठीने बडवावे तसे तीन-चार फटके बसले, आणि नक्षीचा अख्खा पट्टा टायरवरून सालीसारखा सुटून रस्त्यावर पडला. पाठोपाठ ट्यूब फुटली. जीप धुरा ओलांडून वावरात गेली. पऱ्हाटी निघालेली होती आणि जमीन नांगरून सपाट होती, एवढेच आमचे नशीब. मागे बसलेल्या पुतण्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तो वाचला, लग्नही लागले. मी मात्र त्या दिवसापासून कोणत्याही गाडीजवळ उभा राहिलो की खाली वाकतो.

तो सुटलेला पट्टा आणि टायर मी घरी आणले. आमच्या गावचा पंक्चरवाला शाळेत माझाच विद्यार्थी होता. त्याने ओल्या फडक्याने टायरची आतली बाजू पुसली, कोळशाने माखलेले बोट एका लंबगोल चौकटीवर ठेवले आणि म्हणाला, "गुरुजी, वाचा." आकडे होते 2303. म्हणजे 2003 सालातला तेविसावा आठवडा, जून महिन्याची सुरुवात. माझ्या भावाने हा टायर 2010 मध्ये 'नवा' म्हणून विकत घेतला होता. म्हणजे घेतला तेव्हाच तो सात वर्षांचा होता आणि फुटला तेव्हा वीस ओलांडून गेला होता. पंक्चरवाल्याने टायरची बाजू दोन्ही अंगठ्यांनी वाकवली तशा केसासारख्या शेकडो भेगा उघडल्या. "याच्यातलं तेल सरलं, गुरुजी. उभ्या गाडीचा टायर असाच मरते." त्या अपघाताच्या अकरा महिने आधी हीच जीप नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासली गेली होती. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्टेपनीवर थाप मारून म्हटले होते, "गुरुजी, टायर तर नवेच दिसतात." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना जे पाहायला शिकवले आहे तेच त्यांनी पाहिले.

पंक्चरवाला ज्याला तेल म्हणाला ते शास्त्राच्या भाषेत वेगळे असले तरी त्याचे म्हणणे बरोबर आहे. टायरच्या रबरात हवेतील ओझोन आणि ऑक्सिजन यांच्यापासून बचाव करणारी द्रव्ये आणि मेण मिसळलेले असते. टायर फिरतो, दबतो, ताणला जातो, तेव्हा ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरते. गाडी उभी राहिली की ही हालचाल थांबते, थर विरतो, आणि आधी बाजूला, मग नक्षीच्या खाचांच्या तळाशी भेगा दिसू लागतात. याहून घातक काम आत चालते. हवेतील ऑक्सिजन रबरातून झिरपत राहतो आणि थरांना एकमेकांशी धरून ठेवणारे रबर कडक आणि ठिसूळ करतो. हे बाहेरून दिसत नाही. पट्टा सुटतो तो इथून. शिवाय ही सगळी रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेते. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की असा वेग दुपटीच्या आसपास जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असतो, डांबर साठीच्या घरात तापते आणि टिनाच्या शेडमध्ये दुपारी हात लावणे नको वाटते. थंड देशातल्या गॅरेजमधला दहा वर्षांचा टायर आणि आमच्या शेडमधला दहा वर्षांचा टायर हे सारख्या वयाचे मानताच येणार नाहीत.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने 2007 मध्ये एका मोठ्या विमा कंपनीच्या नोंदी तपासल्या होत्या. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुईझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत त्या कंपनीचे 27 टक्के ग्राहक होते, पण टायरसंबंधी दाव्यांपैकी 77 टक्के दावे तिथूनच आले होते. त्या दाव्यांतही 84 टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. विदर्भातल्या माणसाला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी, की टायरचे वय टायरवर छापलेले असते आणि तरी ते वाचले जात नाही. इंग्रजी 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही पद्धत 2000 सालापासूनची आहे. त्याआधी तीनच आकडे असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा, त्यामुळे 318 असे दिसले तर तो 1988 चा की 1998 चा हे सहसा कळत नाही. पण ते कळण्याची गरजही नाही. तीन आकडे दिसले म्हणजे टायर किमान पाव शतकाचा आहे आणि तो रस्त्यावर नको. अडचण एवढीच, की पूर्ण ओळ पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवणारा नेमकी तीच बाजू आत टाकतो. मग गाडीखाली आडवे व्हावे लागते, विजेरी लागते, ओले फडके लागते. आकडे धूसर असतील तर त्यावरून खडू फिरवला की उमटून येतात. पाच टायरांचे आकडे वाचायला मला अकरा मिनिटे लागतात, आणि माझे वय अडुसष्ट आहे.

दुसरी तक्रार नियमाच्या आडोशाची. नियम 94 मध्ये वर्षे नाहीत, पण टायर सुस्थितीत असावा असे तो स्पष्ट सांगतो, आणि ज्यावर फुगवटा किंवा आकार बिघडल्याची चिन्हे दिसतात, ज्याच्या आतले दोरे उघडे पडले आहेत, तो टायर योग्य मानू नये असेही सांगतो. मग भेगाळलेला, कडक झालेला टायर सुस्थितीत आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणता? 1.6 मिलिमीटर ही नियमातली एक अट आहे, आपण तिलाच सगळा नियम करून टाकले आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2025 पासून 10,000 रुपये झाली. ती फी भरायला माझी कुरकुर नाही, पण त्या पैशात पाच टायरांच्या तारखांची, पाच ओळींची एक नोंद बसायला हवी.

याच ओघात रिमोल्डबद्दलही सांगतो. रिमोल्ड टायरवर नक्षी नवी आणि अंग जुने असते. नक्षी मोजणाऱ्याला तो टायर सर्वांत चांगला वाटणार, हे उघड आहे.

तिसरी तक्रार फेरीच्या वेळेची. 1 मे, साडेदहाची सुरुवात, मध्ये दोन ठिकाणी स्वागत आणि भाषणे, म्हणजे बहुतेक गाड्या बारा ते दोनच्या उन्हात रस्त्यावर असणार. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, पुढे असला तरी त्या दिवसांत आमच्याकडे ऊन काही कमी नसते. त्यातच 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा' हा आमच्याकडचा जुना समज. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्यामुळेच जास्त तापतो. मागच्या फेरीत एक स्वयंसेवक सद्भावनेने प्रत्येक गाडीची हवा काढत फिरताना मी स्वतः पाहिला आहे. सकाळी टायर थंड असताना ठरलेली हवा भरावी आणि मग वाटेत वाढली म्हणून ती काढू नये, ही सूचना पत्रकात बारावी अट म्हणून आली असती तर तिचा उपयोग झाला असता.

चौथी तक्रार विक्रेते बंधूंकडे आहे. अपघातानंतर मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानातून चार 'नवे' टायर घेतले. काळे कुळकुळीत, पॉलिश केलेले. घरी येऊन आकडे वाचले तर दोन 2019 चे, एक 2020 चा, एक 2021 चा. एका बिलावर चार टायर, तीन वेगवेगळ्या सालांचे, आणि बिलावर कुठेच साल नाही. परत गेलो तर दुकानदार हसून म्हणाले, "गुरुजी, रबर काय दूध हाये का नासाले?" आयएसआय खूण दाखवली. ती खूण खरी होती, आणि 2009 च्या गुणवत्ता आदेशामुळे ती असायलाच हवी. पण टायर साच्यातून निघाला तेव्हा ठीक होता एवढेच ती सांगते. त्यानंतर तो दुकानाच्या टिनाखालच्या माळ्यावर किती उन्हाळे होता ते ती सांगत नाही. सावलीत, थंड जागी ठेवलेला टायर हळू म्हातारा होतो हे मला मान्य आहे. आपल्या माळ्यांना मात्र कोणी थंड जागा म्हणणार नाही.

जुन्या मोटारवाल्याला हा धोका इतरांहून अधिक आहे, कारण त्याच्या मापाचे टायर सहजी मिळत नाहीत. फियाटला 5.20-14 लागतो, अँबेसिडरला 5.90-15. कोपऱ्यात पडलेला कोणताही टायर त्या मापाचा निघाला की घेणारा देवाचे आभार मानून घेतो, साल विचारत नाही. जीपच्या 6.00-16 ची तऱ्हा वेगळी. त्याच मापाचे तीन पट्ट्यांचे टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना असतात आणि ते गावोगाव मिळतात. माप जुळते म्हणून ते जीपला चढवलेले मी पाहिले आहेत. ते मंद वेगासाठी बनवलेले असतात, साठच्या वेगाने रस्त्यावर पळवण्यासाठी नव्हेत.

फेरीतल्या माझ्या मित्रांनाही एक गोष्ट सांगायला हवी, कारण दोष फक्त कार्यालयाचा आणि दुकानदाराचा नाही. गाडी मूळ स्वरूपात असणे हा आपला अभिमान आहे आणि 2021 च्या व्हिंटेज नियमांनीही पन्नास वर्षांवरच्या गाडीच्या मूळ स्वरूपाला मान दिला आहे. पण 'कंपनीतून आलेली ओरिजिनल स्टेपनी' म्हणून जी मिरवली जाते तिच्यावर बसून रस्त्यावर जायचे नसते. ती भिंतीला टेकवून दाखवायची वस्तू आहे.

परदेशात काय झाले हेही आपल्यासमोर ठेवतो. सप्टेंबर 2012 मध्ये इंग्लंडमध्ये सरे परगण्यात एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन जण दगावले. तो टायर 19 वर्षांचा होता, खुद्द बसहूनही जुना, आणि त्याची नक्षी नियमात बसत होती. त्यात मुलगा गमावलेल्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा 1 फेब्रुवारी 2021 पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यास बंदी आली. प्रामाणिकपणे सांगायचे तर तिथेही चाळीस वर्षांहून जुन्या आणि धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनांना त्यातून सूट आहे. म्हणूनच मी सरसकट बंदी मागत नाही. पण तिथला उन्हाळा इथे नाही, आणि इथली फेरी ही आपण परवानगी दिलेली, आपण अटी घातलेली फेरी आहे. तिला अटी घालायला आपल्याला दिल्लीहून दुरुस्ती येण्याची वाट पाहावी लागत नाही.

नोंदीचा आग्रह मी का धरतो त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे प्रत्येक अपघातानंतर 'टायर फुटला' हे वाक्य आधी तयार असते. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस जळून 25 प्रवासी गेले, तेव्हाही पहिल्या काही तासांत तेच सांगितले गेले, आणि परिवहन विभागाच्या तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. टायर फुटला म्हणतात तिथे फुटलेला नसतो, आणि जिथे खरोखर फुटतो तिथे तो कोणत्या सालचा होता हे कागदावर येत नाही. माझ्या अपघाताच्या पंचनाम्यात 'मागील टायर फुटल्याने' एवढेच तीन शब्द आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत. फेरीत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पाचही टायरांचे, म्हणजे स्टेपनीसकट, तारखेचे आकडे नोंदणी अर्जावर लिहून घ्यावेत आणि तपासणीच्या वेळी ते पडताळावेत. जिथे आकडे तीन आहेत, मुळीच वाचता येत नाहीत किंवा टायर दहा वर्षांहून जुना आहे, ती गाडी मैदानात उभी राहून प्रदर्शनात भाग घेईल, रस्त्यावर येणार नाही. मोठ्या टायर कंपन्याच पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल सांगतात, आणि अनेक मोटार कंपन्या तर सहा वर्षांवरच थांबतात. म्हणून सहा ते दहा वर्षांच्या टायरांचे चाक काढून दोन्ही बाजू आणि नक्षीच्या खाचा पाहाव्यात. ट्रॅक्टरचा टायर लावलेली जीप फेरीत नको. सुरुवात साडेदहाऐवजी साडेसहाला करावी आणि भाषणे पोहोचल्यावर सावलीत व्हावीत. जुन्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वेळीही याच पाच ओळी आपल्या कार्यालयाने शेऱ्यात लिहाव्यात. त्यावरून गाडी नापास करता येत नसेल तर करू नका, पण मालकाला ते लेखी कळू द्या.

विक्रेत्यांकडे मागणी एकच आहे. बिलावर टायरच्या मापाशेजारी ते चार आकडे लिहा. जुना माल स्वस्तात विकायचा असेल तर तसे सांगून विका. बंडीला लावायला तो घेणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि बैलांच्या चालीला तो पुरतो.

25 एप्रिलला सकाळी आठ वाजता मी माझी जीप घेऊन आपल्या कार्यालयाच्या आवारात येत आहे. पाचही टायरांचे आकडे खडूने उमटवून आणीन, दोन्ही बाजूंना, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांना गाडीखाली झोपावे लागणार नाही. तो 2003 चा टायर आमचा सालदार बंडीसाठी मागत होता, तो मी त्याला दिलेला नाही. सुटलेल्या पट्ट्यासकट तोही सोबत आणतो आहे. आपण मापक लावून त्याची नक्षी मोजावी आणि जो आकडा येईल तो मला सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावा. माझ्या मापाने तो आठ मिलिमीटर भरतो.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक व जुन्या जीपचा मालक